मामाचा भाचा मामा

लातूर,
१८ नोव्हेंबर २०२३

श्री. शंकरप्पा मामांस श्रीशैलचा शरणार्थ.

तुम्ही माझा नंबर ब्लॉक केलाय, म्हणून रजिस्टर पोस्टानं लिहून राहिलो. बोरदऱ्याच्या पोस्टात तुमच्याशिवाय दुसरं कोण आहे? थैली तुम्हीच सोडणार, शिक्का तुम्हीच मारणार, आणि शंकरप्पाचं रजिस्टर आलंय म्हणून शंकरप्पाकडं तुम्हीच घेऊन जाणार. सोबत पोचपावती जोडली आहे. सही करून परत पाठवा म्हणजे झालं.

नाईट करून आत्ताच हॉस्टेलला आलोय. डोळे उघडे राहीनात. पण झोपलो की माझा राग उतरतो आणि मग मी लिहीत नाही, हे तुम्हाला लहानपणापासून माहीत आहे. म्हणून आधी हे, मग झोप.

भाऊबीजेला तुम्ही आला नाहीत. आईनं सकाळी उठून तुमच्यासाठी गहू शिजवून गोड हुग्गी केली होती, जायफळ घालून, तुम्हाला लागते तशी घट्ट. दुपारी ती स्वतः चाकूरच्या स्टँडवर जाऊन बसली. लोह्याकडून येणारी प्रत्येक गाडी बघितली. मी म्हणालो, आई, चल आता घरी. तर म्हणे, "गाडी पंक्चर झाली असंल. शंकर येनार न्हाई असं व्हतंय व्हय?" दिवस बुडाला तशी उठली, घरी आली, ताट घेतलं आणि अंगणात जाऊन चंद्राला ओवाळलं. ज्या बाईला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते, मामा. आमच्या शेजारची भामाबाई कुंपणातून म्हणाली, "अवं केवळाबाई, तुमाला तर भाऊ हाय की." आई म्हणाली, "हाय की. हापिसात लई काम निघालं त्येला." आणि आत येऊन हुग्गी झाकून ठेवली.

आता माझा गुन्हा काय झाला ते एकदा माझ्याच तोंडून ऐका. दादा गेले, मी बिनबापाचा झालो, तेव्हा तुम्ही मला सांभाळलं, मला डॉक्टर करायचं ठरवलं, लातूरला क्लासला आणून घातलं. बोरदऱ्याच्या स्टँडवर माझा फोटो घालून हे एवढं फ्लेक्स लावलंत, 'भावी डॉक्टर' म्हणून. मी पुन्हा पुन्हा परीक्षा दिली, नंबर लागला नाही. नर्सिंगला लागला. तुम्ही रागावला नाहीत. गावात मात्र सांगत राहिलात, "भाचा मेडिकलला हाय." मी म्हणालो, मामा, नर्सिंग म्हणा. तुम्ही म्हणालात, "मेडिकललाच हायस की. खोटं काय हाय त्यात?"

मग उन्हाळ्यात तुमच्या गावचे आप्पासाहेब कुणाला तरी बघायला आमच्या वार्डात आले. माझ्या हातात त्या वेळी लघवीचं भांडं होतं. कोपऱ्यातली म्हातारी ओरडली, "ओ मामा, मला बी भांडं द्या की लवकर!" आप्पासाहेबांनी मला खालून वरपर्यंत बघितलं आणि पाठ फिरवून गेले. दवाखान्यात नर्सला सिस्टर म्हणतात, वार्डबॉयला मामा म्हणतात. पांढऱ्या कपड्यातला बाप्या डॉक्टर नसला की तो मामा, एवढंच लोकांना माहीत आहे. त्यात त्या म्हातारीचं काय चुकलं?

संध्याकाळी तुमच्या पारावर खबर पोचली. शंकरप्पाचा डॉक्टर भाचा लातूरला मामा झाला. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या पोरांनी त्याचं गाणंच केलं, "मामाचा भाचा मामा." तुमची बेइज्जती झाली, कबूल. लई झाली. तुम्ही माझा फोन बंद केला आणि तुमच्या उज्वलाचं नि माझं पाळण्यातलं लग्नाचं बोलणं मोडलं म्हणून मामीकडून निरोप पाठवला. उज्वलाचं मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, आठ-आठ दिवस जेवण गेलं नाही.

पण ते तुमचं आणि माझं आहे. माझ्याशी जन्मभर बोलू नका. आईनं काय केलंय? तिचं माहेर म्हणजे तुम्ही एकटे. ते बंद करू नका, एवढंच मागायला हे पत्र आहे.

तुमचा
श्रीशैल


लातूर,
१२ डिसेंबर २०२३

मा. शाखा डाकपाल साहेब,
मु. पो. बोरदरा, ता. लोहा.

विषय: तुमच्या गावातले एक गृहस्थ पत्र घेत नाहीत, त्याबद्दल तक्रार.

साहेब, हे पत्र तुमच्या नावानं नाही, तुमच्या खुर्चीच्या नावानं आहे. म्हणून ते तुम्हाला घ्यावंच लागेल. घ्यायला नको असेल तर वरिष्ठांना कारण लिहून कळवा.

मी मागे शंकरप्पा नावाच्या गृहस्थांना रजिस्टर पाठवलं होतं. ते 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत आलं. शेरा मारणाऱ्याचं अक्षर मला चांगलं ओळखीचं आहे. त्या अक्षरानं मला बाराखडी शिकवली. 'नकार'मधला काना असा ओढलाय की खालच्या ओळीपर्यंत गेलाय, म्हणजे राग अजून तसाच आहे आणि हात अजून खणखणीत आहे. तेवढं बघून बरं वाटलं. ते पत्र याच पाकिटात घातलंय. त्या गृहस्थांना द्या, नाहीतर तुम्हीच वाचा.

मामा, पुरे झालं नाटक. मी थकलोय. सकाळी ड्युटी, दुपारी लेक्चर, मध्ये जेवायला जावं तर मेस बंद झालेली असते. वर्गात सगळ्या पोरी, आम्ही पोरं हाताच्या बोटावर मोजण्याएवढी. आमच्या दिपाली मॅडम वर्गात आल्या की म्हणतात, "चला मुलींनो, वह्या काढा." मग आमच्याकडं लक्ष गेलं की म्हणतात, "आणि तुम्ही पण रे." पहिल्या वर्षी मान खाली जायची. आता कुणी 'मुलींनो' म्हटलं तरी मी पटकन वही काढतो. एक सिलिंडर उचलायचं झालं, पेशंट उलटवायचा झाला, दारू पिऊन कोणी दंगा केला, की सगळ्या पोरी एका सुरात ओरडतात, "ब्रदर!" आणि लेडीज वार्डात गेलं की नातेवाईक म्हणतात, "तुमी नगं, सिस्टरला बोलवा." म्हणजे ओझं उचलायला मी आणि नाडी बघायला मी नको.

तुम्हाला वाटत असेल तुमचंच नाक कापलं गेलं. मला त्या दिवशी काय वाटलं ते विचारलंत का? आप्पासाहेब गेल्यावर मी ते भांडं म्हातारीला दिलं, धुतलं, जागेवर ठेवलं, आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच भांडं उचललं. कुणीतरी उचलायलाच पाहिजे, आणि मला ते नीट येतं. एवढं शिकायला मला लई वेळ लागला.

माझ्या खोलीत संघपाल होता, आठवतो का? आमच्या आधीच्या बॅचचा. तो आता पास होऊन नांदेडला, विष्णुपुरीकडं दवाखान्यात ब्रदर म्हणून लागलाय. तुम्ही एकदा हॉस्टेलला आला होता तेव्हा त्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला. उन्हात चालत आलेले तुम्ही, आणि म्हणालात, तहान नाही. मग मी खालच्या दुकानातून बाटली आणली, ती तुम्ही उभ्या उभ्या संपवलीत. संघपालनं तांब्या उचलून जागेवर ठेवला. मी तेव्हा बोललो नाही, आज बोलतोय, कारण आज मी तुम्हाला मामा म्हणून नाही, डाकपाल म्हणून लिहून राहिलो.

ते फ्लेक्स तुम्ही कडब्याच्या गंजीवर झाकलंय असं कळलं. चांगलं केलंत. तेवढा तरी कडबा कोरडा राहील.

संक्रांतीला तरी आईकडं जाऊन या.

आपला विश्वासू
श्रीशैल


लातूर,
१० ऑगस्ट २०२४

मामांस शरणार्थ.

मागच्या पत्राची पोचपावती आली. तुमची सही, त्यावर गोल शिक्का. बाकी एक अक्षर नाही. संक्रांत गेली, यात्रा गेली, तुम्ही आईकडं गेला नाहीत. मध्ये मी लिहिलं नाही. कंटाळा आला होता. भिंतीशी किती बोलायचं माणसानं?

आज लिहायचं कारण, परवा आईनं भावाचा उपास धरला होता. नागपंचमीच्या आदल्या दिवशीचा. मी फोनवर म्हणालो, "आई, कुठला भाऊ? कशाला उपाशी राहतीस?" तिनं माझी अशी काढली की विचारू नका. "तुला कायबी कळत न्हाई. उपास भावासाटी असतुया, त्यो येतुया का न्हाई ह्येच्यासाटी नसतुया." आणि फोन ठेवून दिला. तुमच्यापायी मला बोलणी बसली.

त्याच दिवशी माझी ड्युटी लेबर रूमला होती. बाळंतपणाच्या केसेस आम्हा पोरांनाही कराव्या लागतात, त्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. पण दारात पाय ठेवला की बाया ओरडतात. हप्ताभर मी पडद्याबाहेर उभा राहून कापूस आणि कात्री आत सरकवत होतो. मॅडम म्हणाल्या, "श्रीशैल, असंच चाललं तर तू पुढच्या वर्षी पुन्हा इथंच." मी म्हणालो, "मॅडम, मी काय करू, साडी नेसून येऊ?" त्या हसल्या नाहीत.

त्या दिवशी औसा तालुक्यातली एक पोरगी आली. पंचमीला माहेरी आलेली, दिवस भरलेले, आणि अंगात त्राण नाही. मी विचारलं, "सकाळपासून काय खाल्लंस?" तिची आई म्हणाली, "उपास हाय तिला. भावाचा." मी कपाळावर हात मारला. म्हणालो, "अशा अवस्थेत उपास? भाऊ कुठंय तुझा?" पोरगी म्हणाली, "पुण्याला कंपनीत. सुट्टी न्हाई गावली त्येला." मी मॅडमना विचारून साखरेचं पाणी आणलं, तिला उठवून पाजलं. पाठीला हात लावला तर ती दचकली, "बया, कसले गार हात हैती!" माझे हात आईसारखे आहेत, बारा महिने गार. मॅडम रोज ओरडतात, पेशंटला लावण्याआधी चोळून घे म्हणून.

कळा वाढल्या तशी तिला आत घेतलं. मीही मागं निघालो तर तिच्या आईनं दार अडवलं. "बाप्या मानूस नगं आत." मी सवयीनं मागं सरलो. तेवढ्यात आतून ती पोरगी ओरडली, "आये, येऊ दे त्येला. मामा हाय त्यो!"

आणि मामा, त्या पोरीच्या आईनं हात खाली घेतला. मामा म्हटल्यावर तिला चाललं.

बाळ झालं, पोरगी झाली. मी पुसलं, गुंडाळलं, नाळेला चिमटा लावला. मॅडम बाजूला उभ्या होत्या, त्यांनी हात लावला नाही. त्या पोरीनं मान वळवून बाळाला सांगितलं, "बघ गं, मामानं घेतलं तुला." मग तिनं माझ्याकडं बघितलं आणि रडायला लागली, मी पण रडलो. मॅडम म्हणाल्या, "रडणं झालं असेल तर वजन कर."

त्या दिवसापासून एकच गोष्ट डोक्यात फिरून राहिली. मी त्या शब्दाची वार्डात आल्यापासून लाज धरली. तुम्ही त्याच्यापायी घर तोडलं. पण बाई जेव्हा परक्या बाप्याला मामा म्हणते, तेव्हा ती आपल्या लेकराच्या तोंडानं बोलते. लेकराचा मामा म्हणजे तिचा भाऊ. त्या पोरीचा भाऊ पुण्याला होता, तिनं त्या घटकेला मला भाऊ करून घेतलं. मामा व्हायला आधी कुणाचा तरी भाऊ व्हावं लागतं. तुम्ही भाऊपण टाकून दिलंत आणि नुसते मामा म्हणून रुसून बसलात. कसं जमायचं ते?

राग आला असेल तर येऊ द्या. मला पण आलाय.

श्रीशैल


लातूर,
९ सप्टेंबर २०२४

मामांस शरणार्थ.

मागच्या पत्राच्या पोचपावतीवर तुमची नाही, उज्वलाची सही होती. 'शंकरप्पा यांच्याकरिता उज्वला.' तुमच्या बदली पोस्टात ती बसली म्हणजे तुम्ही अंथरुणाला खिळल्याशिवाय ते होणार नाही, एवढं मला कळतं. म्हणून तुम्ही नको म्हटलेलं असतानाही मी तिला फोन केला. ती म्हणाली, "पप्पाला नांदेडला नेलंय. लघवी अडली हुती. ऑपरेशन हाय." एवढंच बोलली.

आता तुम्ही घरी आलात हे कळलं. गणपती बसले, तुमच्या हातची आरती झाली असेल.

थोडं सांगतो, तेवढं ऐका. पाणी भरपूर प्या, चहा नाही, पाणी. लघवीला थोडे दिवस लालसर रंग दिसला तर घाबरू नका, गाठी दिसल्या तर मात्र लगेच दाखवा. डाकेची थैली उचलू नका, उज्वलाला उचलू द्या. सायकल बंद म्हणजे बंद. संडासला जोर करू नका. रात्री उठताना आधी पलंगावर बसा, मग पाय खाली सोडा, तुम्हाला उठल्या उठल्या चक्कर येते. उजव्या कुशीवर झोपताना उशी पाठीमागं लावा, तसं तुम्हाला बरं वाटतं.

मला हे कसं कळलं ते विचारू नका. शिकून राहिलोय, एवढंच समजा.

आईला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती सगळं सोडून बोरदऱ्याला येईल, आणि तुम्ही दार उघडलं नाही तर काय करायचं, हे मला ठरवता येईना.

श्रीशैल


लातूर,
१३ ऑक्टोबर २०२४

मामांस शरणार्थ.

काल दसरा झाला. पाकिटात आपट्याचं पान घातलंय, सोनं समजून घ्या.

या वेळी पोचपावतीवर तुमची सही बघितली. ओळीवरून थोडी खाली घसरलीय. अजून अशक्तपणा आहे. आणि मला एक गोष्ट पोटात ठेवून राहवेना. मागच्या पत्रात मी ती लपवली होती.

उज्वलाचा फोन झाल्यावर मी संघपालला फोन केला. तो म्हणाला, "तुझा मामा माझ्याच वार्डात हाय. नाव बघूनच मी वळखलं. तू ये, बाकीचं तुझ्या मामीला विचार." पेशंटचं दुसऱ्याला सांगायचं नसतं, म्हणून त्यानं तेवढंच सांगितलं. बाकी मामींनी सांगितलं. तुम्हाला आणलं तेव्हा पोट दगडासारखं झालं होतं. सिस्टर नळी घालायला आल्या तर तुम्ही धोतर दोन्ही हातांनी धरून बसलात. "बाई नगं. मेलो तरी चालंल, बाई नगं. बाप्या मानूस पाठवा." मग सिस्टरनी संघपालला बोलावलं. त्यानं पडदा ओढला, नळी घातली, लघवी मोकळी झाली आणि तुम्ही त्याचा हात धरून म्हणालात, "डॉक्टर साहेब, देवासारखे आलात." तो म्हणाला, "मी डॉक्टर न्हाई, काका. नर्स हाय." मग त्यानं पाणी दिलं आणि तुम्ही ते त्याच्या हातचं प्यालात. त्यानं तुम्हाला ओळखलं होतं. तुम्ही त्याला ओळखलं नाही.

सांगायला मला आनंद होत नाही. राग पण आता येत नाही. नुसता थकवा येतो, की एवढं सगळं व्हायला माणसाचं पोट फुटायची वेळ यावी लागते.

ऑपरेशनच्या दिवशी मी ड्युटी संपवून तसाच नांदेडच्या गाडीत बसलो. कपडेही बदलले नव्हते. मी पोचलो तेव्हा दुपार होती, तुम्हाला नुकतंच वार्डात आणलं होतं. मामी जिन्यात भेटल्या. त्यांनी मला बघितलं, डोळ्याला पदर लावला, म्हणाल्या, "तू बस जरा त्यांच्यापाशी, मी चार घास खाऊन येते. चष्मा न्हाई त्यांच्या डोळ्याला, वळखायचे न्हाईत."

मी कॉटपाशी आलो. तुमचे पाय अजून बधिर होते, मान उचलायची नव्हती. पांढरे कपडे दिसले तशी तुम्ही हाक मारलीत.

"ओ मामा, पानी द्या की."

मामा, मला हसू आलं आणि रडू पण आलं. सगळ्या दुनियेनं म्हणावं आणि शेवटी तुम्हीही म्हणावं! मी बोललो असतो तर आवाजावरून कळलं असतं, म्हणून बोललो नाही. पाणी अजून द्यायचं नव्हतं. कापूस भिजवून तुमचे ओठ ओले केले. तुम्ही म्हणालात, "निस्तं ओठालाच लावतो व्हय? कंजूष हैस लेका." मी पिशवी बघितली, नळी पायाखाली दबली होती ती सरळ केली, तुम्हाला किंचित कुशीवर घेतलं आणि पाठीमागं उशी लावली. हात चोळून घ्यायचं राहून गेलं. गार हात लागले तसे तुम्ही शहारलात.

मी निघतो म्हणून वळलो तर पुन्हा म्हणालात, "मामा, बसा जरासक हितं. जाऊ नगा."

मी बसलो. मामी येईपर्यंत बसून राहिलो. तुमचा हात माझ्या मनगटावर होता. मामी आल्या तसा तो सोडवून घेतला आणि लातूरची गाडी पकडली.

तुम्ही मला वार्डातला मामा समजून थांबवलंत. मला भाचा म्हणून थांबवलं असतंत तर बरं वाटलं असतं, पण नाही झालं तसं. जे झालं ते तुम्हाला न सांगता ठेवणं मला चोरी केल्यासारखं वाटून राहिलं होतं. म्हणून सांगितलं. आता माझ्याकडं तुमच्यापासून लपवलेलं काही उरलं नाही.

भाऊबीज पुन्हा आलीय. मी यंदा सुट्टी मागितलेली नाही. आईला चंद्राला ओवाळताना मला पुन्हा बघवणार नाही.

श्रीशैल


[पोस्टकार्ड]

बोरदरा,
ता. २४ ऑक्टोबर

चि. श्रीशैल मामास शंकरप्पाचा आशीर्वाद.

तुझी सगळी पत्रं मिळाली. पैलं बी वाचलं, नकार मारायच्या आधी उघडून वाचलं आणि खळ लावून पुन्हा चिटकवलं. डाकपालानं असं करू नये. कुणाला सांगू नको.

सुट्टी माग. मी भाऊबीजेला चाकूरला येनार हाय. अक्काला सांग, ताट घेऊन अंगनात जायाचं न्हाई. हुग्गी पातळ कर म्हनाव, डॉक्टरनं तसं सांगितलंय. उज्वला बी येती म्हनती. तिचं तिनं ठरवलंय, मी मधी न्हाई.

तुझ्या दोस्ताला माझा शरणार्थ. त्येला म्हनाव, हॉस्टेलला आलो हुतो तवा बी मला तहान लागली हुती.

तुझा नंबर उघडायला गेलो तर उघडंना. तू आल्यावर उघडून दे.

आनि दवाखान्यातलं. पैल्यांदा मामा म्हनालो ते वार्डातला मानूस समजून. मग तुझे हात लागले. असले गार हात आमच्या घरात अक्काचे हैत, आनि तुझे. दुसऱ्यांदा मामा म्हनालो तवा तुला वळखून म्हनालो.

शंकरप्पा